मानी आणि मानमोडी

माझ्या शेजारणीचं नाव अदी आहे, असं मी लग्नानंतरचे पहिले कित्येक महिने समजत होते. बराकीतली लहानमोठी सगळी तिला अदी म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. अदी म्हणजे सिंधीत ताई. हे कळेपर्यंत इतका उशीर झाला होता, की आता कुठल्या तोंडानं खरं नाव विचारायचं, असं वाटून मी गप्प बसले. ती मला बेटा म्हणायची. वयानं ती माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनीच मोठी असेल, पण विधवा बाईला तेव्हा लोक वयाच्या आधीच म्हातारं करून टाकायचे.

आम्ही राहायचो पिंपरीच्या कॅम्पात. महायुद्धात लष्करासाठी बांधलेल्या लांबच लांब बराकी आणि त्यांत फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं. आम्ही काही सिंधी नव्हतो, नगरकडचे होतो. आमचे हे औषधांच्या नव्या कारखान्यात लागले, वसाहतीत खोली मिळेना, म्हणून अदीच्या सासऱ्यांनी आपल्या जागेतला अर्धा भाग आम्हाला दिला. मधे कमरेएवढी विटांची भिंत आणि तिच्यावर छतापर्यंत शिवून लावलेलं गोणपाट. त्या गोणपाटातून आवाज यायचा, उजेड यायचा आणि वास तर स्वतःच्या घरी आल्यासारखा यायचा. भांडायचं झालं तरी आम्हा नवराबायकोला मनातल्या मनात भांडावं लागे. सगळ्या बराकीत अशीच गोणपाटं होती. पहिल्या घरात लसणाची फोडणी पडली, की शेवटच्या घरातलं मूल जेवायला मागायचं.

सकाळी कामं आटोपली की अदी गोणपाटाच्या कडेनं डोकं आत घालून विचारायची, "मानी खाधी?" मानी म्हणजे पोळी, आणि मानी म्हणजेच जेवणही. पोळी खाल्ली का, म्हणजे जेवलीस का, म्हणजे बरी आहेस ना, एवढं सगळं त्या दोन शब्दांत. मला मात्र पहिल्यांदा वाटलं, ही मला मानी म्हणतेय. आमच्याकडे मानी म्हणजे ताठ माणूस, कुणापुढे न वाकणारा. मला रागच आला. नवी नवरी मी, हिच्याशी ताठ्यानं वागले तरी कधी? मी ते तोंडावर बोलून दाखवलं, आणि कुणीतरी त्याचं सिंधीत भाषांतर केल्यावर सगळी बराक माझ्यावर हसली.

तसा आमच्या अर्थाचा मानी माणूस त्या घरात होताच. अदीचे सासरे. आम्ही दोघीही त्यांना बाबा म्हणायचो. सिंधमध्ये त्यांची कापडाची पेढी होती. तिकडच्या दंगलीत मुलगा, म्हणजे अदीचा नवरा, मारला गेला, आणि सुनेला घेऊन बाबा कराचीहून जहाजात बसले. ते बंदरापर्यंत कसे पोचले, हे अदीनं मला एकदा पापड लाटता लाटता सांगितलं होतं. कुणाची तरी मागून आणलेली तुर्की टोपी घालून, मान खाली घालून, आपण आपण नाहीच असं भासवत. घरात परातीत मळलेलं पीठ तसंच राहिलं होतं, त्याचीच तिला सारखी आठवण यायची. बाबा स्वतः यातलं अवाक्षर बोलायचे नाहीत.

घर गेलं, पेढी गेली, मुलगा गेला. पिंपरीला आल्यावर बाबांनी कशाचीही कुरकुर केली नाही, फक्त एक गोष्ट सोडली नाही. दोन्ही वेळेला गव्हाची मानी हवी, आपल्या घरच्या तव्यावरची, गरम. बरोबर डाळ आहे की नुसता कांदा, याची त्यांना पर्वा नसे. मी भाकरी थापायला बसले, की ते गोणपाट बाजूला करून बघायचे आणि अदीला हाक मारायचे, "देखो, तवे पे तवा सेंक रही है!" एकदा मी चवीला म्हणून चतकोर पुढे केली, तर त्यांनी हात जोडले. ज्वारी त्यांच्या मुलखात हारी खात, म्हणजे शेतावर राबणारी कुळं. "मैं हारी नहीं हूँ, बेटी," ते म्हणाले, आणि मग जरा थांबून हसले. "हारा ज़रूर हूँ."

सत्तावन्न साली तापाची साथ आली. पेपरात तिला फ्लू म्हणत. एका घरात एकाला ताप चढला, की दोन दिवसांत त्या घरातली सगळी आडवी. अंग असं ठणकायचं की पाणी द्यायलाही कुणी उठत नसे. शाळा बंद झाल्या. कारखान्यात निम्मी माणसं गैरहजर. बहुतेक जण आठवड्याभरात उठून बसत, पण म्हातारी माणसं, बाळंतिणी, अगदी लहान पोरं यांची खात्री नसे. पवनेच्या काठी रोज धूर दिसायचा, आणि तो दिसला की आम्ही बायका दुसरीकडे बघायचो.

सगळ्यांत जास्त पंचाईत झाली ती आमच्या ह्यांची. माणूस औषधाच्या कारखान्यात कामाला, आणि माणसं तापानं फणफणलेली. रोज कुणीतरी दारात उभं. "भाऊ, एक पुडी तरी आणा." ह्यांनी सांगून सांगून घसा कोरडा केला, की त्या औषधाचा ह्या तापाला उपयोग नाही. कोण ऐकतंय! त्यातच कुणाला तरी कळलं, की कारखान्यातलं औषध बुरशीपासून होतं. झालं. पलीकडच्या बराकीतल्या एका बाईनं ओल्या फडक्यात मानी गुंडाळून तिच्यावर बुरशी आणली आणि पोराला चाटवली. पोराचा ताप होता तसाच राहिला, वर हगवण लागली. ह्यांनी कपाळाला हात लावला. मी हसले. एकोणीस वर्षांची होते, हसू यायचं.

नंतर पेपरात आलं, की ही साथ परदेशातून जहाजातून आली. आता रेशनच्या दुकानातला गहूही जहाजातूनच यायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. तांबूस, विचित्र वासाचा गहू, ज्याला नगरहून राहायला आली की आमची सासू लांबूनच नाक मुरडायची. त्यामुळे माणसं गव्हाकडे संशयानं बघायला लागली. बाबांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते खाटेवर उठून बसले. "जहाज़ से तो मैं भी आया हूँ," म्हणाले, "मुझे भी फेंक दो." पण संशय घेतला तरी खाणार काय? तांदूळ रेशनवर मिळायचा तो चिमणीच्या चोचीनं. म्हणून नाकं मुरडत का होईना, बराक गहूच खात होती.

आणि एक दिवस बराकीत मानी बंद झाली.

मला ते वासावरून कळलं. रोज सकाळी त्या लांबलचक छपराखाली गव्हाचा भाजका वास भरून राहायचा. त्या सकाळी नुसता डाळ शिजल्याचा वास. दुसऱ्या दिवशीही तेच. मी अदीला विचारलं, तर ती म्हणाली, "गेहूं नको, बेटा. बीमारी." मला वाटलं, ती जहाजाचीच गोष्ट. संध्याकाळी मुखी आले. मुखी म्हणजे त्यांच्या पंचायतीचे प्रमुख, पांढऱ्या मिशांचे, फार सभ्य गृहस्थ. दारात उभं राहून हात जोडून म्हणाले, तुम्हीही काही दिवस पोळ्या करू नका, वास जातो, पोरं रडतात. ह्यांचा संताप झाला. "दिवसभर औषध बनवायचं आणि घरात पोळी बंद?" पण तो संताप माझ्यापुरता. मुखींना ते "बरं" म्हणाले. आम्ही तसे भाकरी खाणारे, आमचं काही अडत नव्हतं.

अडलं ते त्यांचं. रहाटणीचा आमचा दूधवाला नदी ओलांडून ज्वारीची पोती आणायला लागला, आणि कॅम्पातल्या बायकांनी आयुष्यात पहिल्यांदा भाकरीच्या पिठाला हात लावला. ज्या हातांनी कागदासारखा पापड लाटला जायचा, त्या हातांना भाकरी काही जमेना. लाटण्यानं लाटायला गेल्या, तुकडे झाले. थंड पाण्यात मळलं, चिरा पडल्या. मग सगळ्या माझ्याकडे आल्या. मी मधे परात घेऊन बसायची, त्या भोवती. उकळतं पाणी, पीठ चांगलं मळा, कडेनं थापत या, वरून पाण्याचा हात फिरवा. एकीनं भाकरी उलथताना ती घडी होऊन पडली आणि तिच्या सासूनं तिला काय काय म्हटलं ते मला कळलं नाही, पण आवाज ओळखीचा होता. मला खोटं सांगायचं नाही, त्या दिवसांत मला फार महत्त्व आल्यासारखं वाटत होतं. पोरं चिंचेच्या कढीत भाकरी कुस्करून खायला लागली. त्यांची ती कढी, बेसनाची आणि भाज्यांची, ताकाचा थेंब नसलेली. भाकरीशी ती बरी लागायची.

बाबांनी भाकरीला हात लावला नाही.

त्याच सुमाराला त्यांना ताप आला. चार-पाच दिवस ते ग्लानीत होते आणि मग ताप उतरला. आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला. दवाखान्यातला कंपाउंडर येऊन बघून गेला आणि म्हणाला, छातीत काही नाही, अशक्तपणा फार आहे, आता यांच्या पोटात अन्न जाऊ द्या, तेच औषध. अदीनं पेज केली, त्यांनी दोन चमचे घेतले आणि तोंड फिरवलं. दूध दिलं, ओठांवरून ओघळलं. भाकरी दुधात कुस्करून दिली, त्यांनी वाटी हातानं बाजूला केली. "मानी," ते म्हणाले. अदी म्हणाली, बीमारी जाऊ द्या, मग. ते म्हणाले, बीमारी गेली की. ते पुन्हा म्हणाले, "मानी." असं दिवसातून कितीदा तरी चालायचं, आणि गोणपाटाच्या अलीकडे माझ्या हातातलं काम थांबायचं.

त्यांचे हात दिवसेंदिवस बारीक होत गेले. अदी वाळवणाला टाकलेले पापड उचलायची विसरायची. एका दुपारी ती माझ्याकडे येऊन बसली आणि म्हणाली, "ते गेले तर मी कुणाची सून?" तिला माहेरचं कुणी उरलं नव्हतं. जगात तिला नातं सांगायला ती एक खाट होती.

मी चिडून म्हटलं, "मग एक मानी करून घाला ना त्यांना! एका पोळीनं काय होणार आहे?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच काहीतरी भलतं बोलले होते. "तुमच्याच माणसानं सांगितलं," ती म्हणाली.

"काय सांगितलं?"

"दूधवाल्यानं. म्हणाला, मानी-मोडी आली. मानी मोडा, नाही तर घर बसेल. जुना रोग आहे तुमच्या मुलखातला, त्याला नाव पण आहे. तुम्ही लोक जाणता."

मला क्षणभर काही उलगडलं नाही. मग उलगडलं, आणि मी हसले. खरंच हसले, मोठ्यानं. मानमोडी! माझ्या आईच्या माहेरची निम्मी माणसं मानमोडीत गेली होती, पहिलं महायुद्ध संपता संपता जी तापाची साथ आली होती तिला आमच्याकडे मानमोडी म्हणतात. दूधवाला आपला दारात सांगून गेला असणार, की मानमोडी परत आली. आणि इकडे अदीच्या कानात काय गेलं? मानी-मोडी. खाट मोडली, पाट मोडला, यातलं मोडणं तिला येत होतं. मानी तर तिचीच. जहाजाचा गहू डोक्यात आधीच होता. तिनं ते बराकीत सांगितलं, बराकीनं दुसऱ्या बराकीत, आणि अख्ख्या कॅम्पानं मानी मोडली. या मातीतली माणसं सांगतायत म्हणजे खरंच असणार, असं धरून चालली. दहा वर्षं ती माणसं इथलं सगळं असंच मानून चालत आली होती.

मी माझी मान धरून दाखवली. "मान, अदी. ही मान. मानी नाही." ती माझ्या गळ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्याकडे बघून माझं हसणं जिथल्या तिथे थांबलं.

दुसऱ्या दिवशी दूधवाला आला तेव्हा आम्ही त्याला दारातच धरलं. बिचारा घाबरला. त्याला आधी वाटलं, दुधात पाणी सापडलं. मग सगळं ऐकल्यावर त्यानं कॅन खाली ठेवला. "आवो ताई, मी कशाला सांगू कुणाला अन्न सोडा म्हून? मानमोडी म्हंजी मान मोडती ती. आमचा बा आन चुलता त्याच तापात गेलं. मी आपलं म्हनलं, जपून ऱ्हावा. घर बसवती म्हनलं, ते खरं हाय. पर मानी-बिनी आमाला ठावंच न्हाई!" आणि मग कानाच्या पाळ्या धरून, "माज्या त्वांडातनं काय गेलं ह्ये!" अदीला त्याचं सगळं बोलणं कळलं नसेल, पण त्याचे हात मानेकडे गेले ते कळलं. ती पायरीवर बसली आणि बराच वेळ उठली नाही.

मला वाटलं, आता संपलं. शब्द सुटला, आता सगळं सुटेल. आम्ही तडक मुखींकडे गेलो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांना कळलं नाही असं नाही, पूर्ण कळलं. मिशीवरून हात फिरवत ते अदीशी सिंधीत बोलत राहिले आणि मग माझ्याकडे वळून हिंदीत सांगितलं. मानी बंद केल्यापासून आपल्या बराकीत नवा ताप कमी आहे. उद्या मी सांगितलं की खा, आणि परवा एखादं पोर गेलं, तर? "वहाँ मैंने सबसे कहा था, कुछ नहीं होगा, ठहरो," ते म्हणाले. "लोग ठहर गए. इसका आदमी भी मेरे कहने से ठहरा था. तब से मैं किसी को नहीं कहता, कुछ नहीं होगा." अदीनं पदर तोंडाशी धरला. माझी बाजू खरी होती आणि तिचा काडीचा उपयोग नव्हता.

लपवून करावं म्हटलं तर गोणपाटं. गव्हाची मानी तव्यावर पडली की शेवटच्या घरापर्यंत वर्दी. आणि विधवा बाईनं बराकीचा शब्द मोडला, उद्या कुणाच्या घरी ताप आला, तर तिच्या दारात कोण उभं राहील? हे सगळं मलाही कळत होतं, म्हणून मीही तिला कर म्हणेना.

शेवटी दूधवाल्यानंच मार्ग काढला. त्याला फार लागलं होतं. त्यानं बायकोकडून आपल्या शेतातल्या गव्हाच्या दोन पोळ्या करून घेतल्या आणि फडक्यात बांधून कॅनच्या झाकणाखालून आणल्या. रहाटणीहून नावेतून येईपर्यंत त्या थंडगार झाल्या होत्या. अदीनं गोणपाट नीट ओढून घेतलं, बाबांना उठवून बसवलं आणि पदराआडून पोळी पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली. वास घेतला. मग तिच्याकडे बघितलं.

"चूल्हा तो जला नहीं," ते म्हणाले. "कहाँ की है?"

तिनं खरं सांगितलं. कुणाला कळू नये म्हणून बाहेरून आणली, पटकन खाऊन घ्या. बाबांनी पोळी फडक्यावर ठेवली आणि फडकं तिच्याकडे सरकवलं. "तिकडून चोरासारखा आलो," ते सिंधीत म्हणाले. अदीनं मला नंतर सांगितलं म्हणून मला ठाऊक. "टोपी घालून, तोंड लपवून आलो. आता मानीसुद्धा तोंड लपवून खाऊ?" आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मला त्यांचा इतका राग आला, की गोणपाट फाडून आत जावं आणि त्या म्हाताऱ्याला गदागदा हलवावं. हिच्या जिवाची काय दशा झालीय, दिसत नाही का? मी गेले नाही. जागच्या जागी उभी राहून रडले.

अदी उठली. तिला डब्यातला गहू काढावा लागला नाही, पीठच होतं थोडं, इतके दिवस तसंच पडलेलं. ते परातीत घेतलं, मळलं, चूल पेटवली. भर सकाळी. तवा तापला आणि मानी त्यावर पडली, आणि तो वास निघाला.

एकेक गोणपाट बाजूला झालं. बायका आपापल्या जागेवर उभ्या राहून बघत होत्या. पोरं मात्र धावत आली, कितीतरी आठवड्यांचा उपास असल्यासारखी, आणि त्यांच्या आया त्यांना दंडाला धरून मागे ओढत होत्या. एक पोर हात पसरून तसंच रडत राहिलं. अदीनं मान वर केली नाही. तूप लावलं, तुकडे केले आणि बाबांच्या हातात दिले. ते उठून बसले, उघड, सगळ्यांच्या समोर. पहिला घास त्यांनी फार वेळ चावला. "नमक कम है," म्हणाले. अदी हुंदका देऊन हसली. त्यांनी अर्धी मानी खाल्ली.

त्यानंतर ती रोज करायची. रोज त्यांच्या पोटात कमी जायचं. अर्धी, मग चतकोर, मग दुधात भिजवलेला घास, मग तोही तोंडातच राहायला लागला. कंपाउंडर म्हणाला, आता शरीर घेत नाही, फार दिवस रिकामं राहिलं. एका दुपारी अदी तव्यापाशी असताना ते गेले.

बराक रडायला आली. खोटं रडायला नाही. त्या बायकांनी अदीला पोटाशी धरलं, तिला पाणी पाजलं, तिच्या घरी चूल पेटू दिली नाही. आणि त्यांतली सगळ्यांत म्हातारी बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत जे म्हणाली, ते माझ्यासाठी कुणीतरी हिंदीत सांगितलं. तू प्रेमानं दिलीस मानी, तुझा काय दोष, मनाला लावून घेऊ नकोस. मला वाटलं, ओरडावं. मी एकेकीला धरून सांगत सुटले, मानीनं नाही हो, मानी न मिळाल्यानं, शब्दच चुकीचा ऐकला होता, मान, ही मान. मी गळ्याला हात लावून दाखवायची आणि त्या हो हो करायच्या. दुःखात पोर काहीबाही बोलतेय, असं त्यांचे डोळे सांगायचे. कॅम्पात मानीबद्दल जो नुसता संशय होता, तो बाबांच्या जाण्यानं पक्का झाला. आमचे हे मला म्हणाले, "आता तू बोलू नकोस." मी बोलायची थांबले. तसंही ऐकणारं एकच माणूस होतं, आणि तिला सगळं ठाऊक होतं.

पुढे साथ ओसरली, थंडी पडली, आणि कुणी काही न सांगता बराकीत पुन्हा गहू भाजल्याचा वास यायला लागला. कुणाला कसला खुलासा करावासा वाटला नाही. पण ती पुढची गोष्ट. बाबांचा बारावा साथीतच आला.

बाराव्याला माणसांना जेवू घालायचं आणि त्याआधी गेलेल्याचं पान वाढायचं. अदीनं मुखींना विचारलं, आजच्या एका दिवसासाठी मानी करू का, त्यांच्यासाठी. मुखींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, कर बेटी, मी नाही म्हणणार नाही. पण लोक पंगतीला बसायचे नाहीत. आणि लोक बसले नाहीत तर बारावा व्हायचा कसा? अदीनं क्षणभर विचार केला आणि गोणपाट बाजूला करून मला हाक मारली. म्हणाली, "बेटा, भाकरी थाप."

मी थापल्या. सकाळपासून परातीशी बसले होते, धुरानं डोळे चुरचुरत होते, ते बरंच होतं. पहिली भाकरी तव्यावरून उतरली ती अदीनं घेतली, बाबांच्या ताटात ठेवली, वर तुपाचं बोट लावलं. ताट त्यांच्या खाटेच्या जागी जमिनीवर मांडलं, आणि त्यापुढे बसून, कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात, पण गोणपाटाअलीकडे मला ऐकू येईल असं म्हणाली, "बाबा, आजच्या दिवस रागावू नका."

मग तिनं पंगतीला बोलावलं. सगळी बराक आली, आणि सगळी पोटभर जेवली. मी केलेल्या भाकऱ्या मधेच संपल्या, आणि मला पुन्हा पीठ मळायला घ्यावं लागलं.